डावा कौल पडल्यानंतर पुन्हा विचारावे का?

प्रश्नकर्ता : पाणंद (डोंबिवली)

गेली अकरा वर्षे मी रोज पहाटे पाऊण तास जप करतो. सुरुवातीला मन शांत व्हावे, यापलीकडे माझी काही अपेक्षा नव्हती. अलीकडे मात्र, साधारण दोन-अडीच वर्षांपासून, जप संपता संपता पुढे काय होणार आहे याची जाणीव आतून येते, असा माझा अनुभव आहे. ती आवाजासारखी नसते आणि दृश्यासारखीही नसते. एखादी गोष्ट आधीच ठरून गेली आहे आणि आपल्याला ती केवळ कळवली जात आहे, अशी खात्री वाटते. या खात्रीवर किती भार टाकावा, हा माझा प्रश्न आहे. तो आता माझ्या घराचा आणि पैशांचा प्रश्न झाला असल्यामुळे येथे सविस्तर लिहितो आहे.

माझे वय ४८. मूळ गाव कुडाळ तालुक्यात. तेथे घर आहे, दीड एकर जागा आहे, त्यात हापूसची अठरा जुनी कलमे आहेत आणि आई एकटी राहते. नोकरी सोडून गावी जावे, भविष्य निर्वाह निधीच्या पैशांतून मागच्या पडवीला लागून तीन खोल्या बांधाव्यात, पर्यटकांच्या राहण्याची सोय करावी आणि आईजवळ राहावे, असा माझा विचार आहे. हे होणारच आणि चांगलेच होणार, असे जपातून मला वारंवार कळते. पत्नी शिक्षिका आहे, तिची नोकरीची नऊ वर्षे उरली आहेत आणि मुलगी बारावीत आहे. पत्नीचा विरोध नाही, पण तिला धास्ती वाटते.

शिमग्याला गावी गेलो असताना ग्रामदैवतासमोर कौल लावला, म्हणजे देवाला विचारले; उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवांनी गाऱ्हाणे घातले, ओल्या पाकळ्या पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला लावल्या आणि आम्ही सात-आठ जण समोर बसून राहिलो. उजवीकडची पाकळी अर्धी सुटली आणि टोकाशी पाण्याचा एक थेंब धरून लोंबत राहिली. मी त्या थेंबावरून नजर हलवली नाही. मनातल्या मनात तिला खाली ओढत होतो. पडली ती डावीकडची. मी गुरवांना म्हटले की प्रश्न नीट मांडला गेला नाही, त्यात ‘यंदा’ हा शब्द उगीच आला. तो शब्द काढून पुन्हा कौल लावला, तेव्हा उठायची वेळ झाली तरी दोन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘आईच्या सेवेसाठी गावी यावे का’ असे विचारले आणि उजवा कौल झाला. मला भरून आले आणि मी तेथेच डोके टेकले.

परतीच्या गाडीत, रत्नागिरी मागे पडल्यावर, पत्नीने एवढेच विचारले, “पहिलाच कौल उजवा झाला असता, तर तुम्ही दुसरा लावला असता का?” उत्तर मला ठाऊक होते आणि ते मी दिले नाही. तेव्हापासून जपाला बसलो की तोच प्रश्न समोर येतो. ज्यांनी या वाटेवर काही काळ घालवला आहे, त्यांनी कृपया सांगावे : आतून येणारे उत्तर देवाचे आहे की आपल्याच इच्छेचे, हे ओळखावे कसे?

देवराई (मालवण)

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, असे मला वाटते. माझे आजोबा गावच्या देवळात गुरव होते आणि त्यांच्या मांडीशी बसून मी शेकडो कौल पाहिले आहेत, म्हणून आधी कौलाबद्दल लिहितो.

आजोबा एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत : कौल म्हणजे भविष्य नव्हे, कौल म्हणजे परवानगी. ‘माझा धंदा चालेल का’ हा प्रश्न ते देवापुढे मांडतच नसत. ‘मी हे काम हाती घेतो आहे, तुझी संमती आहे का’ एवढेच गाऱ्हाण्यात येई. हा फरक वरवर शब्दांचा वाटतो, पण परवानगी मागणाऱ्या माणसाला नकाराचीही तयारी ठेवावी लागते आणि भविष्य विचारणाऱ्याला ती ठेवावी लागत नाही. त्याला केवळ बातमी हवी असते, तीही शक्यतो चांगली.

नकार खरोखर पाळला जातो तेव्हा कौलाला काय अर्थ असतो, हे पाहायचे असेल तर आमच्या तालुक्यातील आचऱ्याची गावपळण पाहावी. दर काही वर्षांनी श्री रामेश्वराचा कौल घेऊन संपूर्ण गाव गुरेढोरे, कोंबड्या, कुत्र्यांसह वेशीबाहेर पडतो आणि तीन दिवस, तीन रात्री राहुट्यांत आणि झावळ्यांच्या झोपड्यांत काढतो. चौथ्या दिवशी परत यायचे की नाही, हेही कौलावरच ठरते. कौल झाला नाही तर मुक्काम वाढतो. तेथे लहान मुले असतात, आजारी माणसे असतात, सगळ्यांना घरी जायची ओढ असते. तरीही आपल्या सोयीसाठी प्रश्न बदलून पाहू, असे कोणी म्हणत नाही. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीखही अशीच देवीला विचारून ठरते, पंचांगात तिथी पाहून नव्हे, आणि एकदा ठरली की लाखो माणसे आपले वेळापत्रक तिच्याप्रमाणे बदलतात.

आमच्याकडे प्रश्न आदल्या संध्याकाळी ठरे आणि तो घरातील वडीलधारे आणि गावकर मिळून ठरवत. ज्याचे काम असे, त्याला देवळात शब्द बदलण्याची मुभा नसे. ‘फिरवून विचारणे’ हा शब्द मी लहानपणी रागाने उच्चारलेला ऐकला आहे. तुमच्या गुरवांनी दुसऱ्यांदा पाकळ्या लावायला नको होत्या. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याचे मन मोडू नये, म्हणून त्यांनी त्या लावल्या असाव्यात. त्यांना दोष देऊ नका, पण तिसऱ्या कौलाला पहिल्याच्या वर बसवू नका. शिवाय तिसऱ्या वेळी तुम्ही मूळ प्रश्न विचारलाच नाही. आईच्या सेवेला कोणता देव नाही म्हणेल? नोकरी सोडणे, निधी मोडणे आणि खोल्या बांधणे, या तिन्ही गोष्टी त्या सेवेच्या आडोशाला गेल्या.

वहीचे पान (पुणे)

देवराई यांच्याशी मी सहमत आहे. त्यात हिशोबाची एक बाजू जोडते. दोन्ही बाजू पडण्याची शक्यता सारखीच धरली, तर तीन वेळा विचारल्यावर एकदा तरी उजवा कौल मिळण्याची शक्यता आठांत सात असते. म्हणजे तीनदा विचारण्याची तयारी ठेवून देवळात जाणारा माणूस होकार जवळजवळ खिशात घालूनच निघालेला असतो.

तुमच्या मूळ प्रश्नाशी मीही झगडले आहे. मला ध्यानात संकेत येत. अमुक माणूस भेटणार, अमुक काम होणार, अमुक आजार हटणार. मी त्यांवर विसंबू लागले होते, कारण खरे ठरलेले संकेत मला लख्ख आठवत असत. मग एका वडीलधाऱ्या साधकांनी मला शंभर पानी वही आणायला सांगितले आणि तीन अटी घातल्या. संकेत आला की त्याच दिवशी, तारीख घालून, एका वाक्यात लिहायचा. तो कोणत्या दिवसापर्यंत खरा ठरायला हवा, ती मुदत शेजारी लिहायची. आणि मुदत संपेपर्यंत त्या पानाकडे फिरकायचे नाही. चौदा महिन्यांत मी ३१ संकेत लिहिले. त्यांतले ९ खरे ठरले, ११ सरळ खोटे ठरले आणि उरलेले ११ असे होते की खरे की खोटे हेच सांगता येईना, कारण माझी वाक्येच निसटती होती. खऱ्या ठरलेल्या नऊमध्ये सहा तरी अशा गोष्टी होत्या, ज्या कोणत्याही जाणत्या माणसाने परिस्थिती पाहून सांगितल्या असत्या.

मला सर्वांत जास्त हादरा दुसऱ्याच गोष्टीने बसला. वहीत प्रत्येक संकेतापुढे मी खात्री किती वाटते तेही लिहीत असे : थोडी, बरीच, पूर्ण. ‘पूर्ण’ लिहिलेले सात संकेत होते आणि त्यांतले पाच खोटे ठरले. ते पाचही माझ्या मुलाच्या लग्नाविषयीचे होते. मला ज्याची आस सर्वाधिक होती, तेथेच खात्रीही सर्वाधिक होती. तोवर मी समजत होते की खात्रीची तीव्रता हीच सत्याची खूण आहे. त्या सात पानांनी तो समज मोडला. हे सात आकडे म्हणजे शास्त्रीय पुरावा नव्हे, याची मला जाणीव आहे, पण ते माझे आहेत आणि माझ्याच अक्षरात आहेत.

कागदावर आधीच लिहून ठेवण्याचे महत्त्व एका मोठ्या प्रयोगातूनही दिसले होते. २००८ साली येथे पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुले आणि शंभर मतिमंद मुले, अशा दोनशे कुंडल्या होत्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस देऊन कोणती कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले होते. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली आणि बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण सुमारे ४६ टक्के आले; नाणे उडवले असते तरी निम्म्याच्या आसपास आलेच असते. ज्योतिषावर वाद घालण्यासाठी मी हे सांगत नाही. उत्तरपत्रिका आधीच बंद करून ठेवलेली असली की ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ या वाक्याला जागा राहत नाही, एवढ्यासाठी सांगते. ‘यंदा’ हा शब्द तुम्ही पाकळी पडल्यानंतर काढलात. तो आधी काढला असतात, तर त्याबद्दल कोणी काही म्हटले नसते.

इंद्रायणी (आळंदी)

थोडेच लिहिते, कारण त्या काळाबद्दल लिहिणे मला अजून सोपे जात नाही. माझ्या वडिलांच्या पोटात गाठ निघाली, तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवसांत शस्त्रक्रिया करा, असे सांगितले होते. मला हरिपाठ म्हणताना अतिशय शांत वाटे आणि त्या शांततेचा अर्थ मी ‘बाबा बरे होणार’ असा घेतला. घरात मी थोरली, माझा शब्द चाले. आम्ही अडीच महिने थांबलो. शस्त्रक्रिया आधी झाली असती तर ते वाचले असते, असे छातीठोकपणे मी म्हणू शकत नाही, पण ते अडीच महिने माझ्या शब्दावर गेले, हे खरे आहे. ती शांतता खोटी नव्हती. तिने मला बाबांबद्दल काहीच सांगितले नव्हते. तिला बाबांचे नाव मी चिकटवले.

तुकोबांचे ‘सत्य असत्यासी मन केले ग्वाही’ हे चरण मी तेव्हा स्वतःच्या समर्थनासाठी वापरत असे. ग्वाही म्हणजे साक्षीदार. ज्याचे त्या खटल्यात काही अडकले आहे, त्याची साक्ष कोण मानते? माझे मन त्या वेळी साक्षीदार नव्हते, वादी होते. आणि त्याच तुकोबांनी शकुन आणि भूत-भविष्य सांगणाऱ्यांविषयी ‘त्यांचा आम्हांसी कंटाळा’ असे स्पष्ट म्हटले आहे, ते मी सोयीने बाजूला ठेवले होते.

पाणंददादा, एक विचारू का? आपण पत्नीविषयी लिहिलेत, मुलीविषयी लिहिलेत, गुरवांविषयीही लिहिलेत. आईंचे म्हणणे मात्र कोठेच आलेले नाही. आपण त्यांना विचारले आहे का?

पाणंद

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभारी आहे. इंद्रायणीताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर नंतर देतो. आत्ता देता येत नाही.

देवराई यांचे म्हणणे मला पटले आहे. तिसरा कौल मी मनातून काढून टाकतो आहे आणि ते सोपे नाही. पण एक शंका राहते. वही ठेवली आणि संकेत खोटे ठरले, तर अकरा वर्षांच्या जपात जे लाभले तेही खोटे मानायचे का? मला ज्या पहाटा मिळाल्या आहेत, त्या इच्छेच्या खेळातून आलेल्या नाहीत, असे मला आजही वाटते. चाळणीत खड्यांबरोबर तांदूळही जाऊ नयेत, एवढीच काळजी आहे.

मांडवीकाठ (पणजी)

आपली शंका योग्य आहे आणि तिच्यावर बारकाईने विचार झालेला आहे. मी हिंदू आहे. आमच्या कुलदेवतेच्या देवळात आम्हीही पाकळ्यांचा प्रसाद, म्हणजे तुमचा कौल, घेतो. पण माझी नोकरीची २६ वर्षे गोव्यातील जेजुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांच्या शाळेत मराठी शिकवण्यात गेली आणि या विषयातील बरेचसे मी तेथील एका वृद्ध फादरांकडून शिकलो. हा संघ ज्यांनी स्थापन केला, ते इग्नेशियस लोयोला मूळचे सैनिक. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि ते अनेक महिने अंथरुणाला खिळले. पडल्या पडल्या ते दोन प्रकारची स्वप्ने रंगवीत : पराक्रम करून एका थोर स्त्रीची मर्जी मिळवण्याची, आणि संतांसारखे जगण्याची. रंगवताना दोन्ही सारखीच गोड लागत. पण पहिल्यानंतर मन कोरडे पडे आणि दुसऱ्यानंतर समाधान टिके, हे त्यांच्या हळूहळू लक्षात आले. त्यांच्या पुढच्या सगळ्या विचाराचे मूळ या निरीक्षणात आहे. त्यांचे सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आले, त्यामुळे ही परंपरा आमच्याकडे जुनी आहे.

फादर मला इग्नेशियस यांच्या शिकवणीतील एक नियम नेहमी सांगत आणि आपल्या शंकेचे उत्तर मला त्यातच दिसते. प्रार्थनेत कधी कधी कोणत्याही कारणाशिवाय मन भरून येते. ते देवाकडून आलेले आहे, असे मानायला इग्नेशियस तयार आहेत. पण ते म्हणतात की तो क्षण आणि त्याच्या लगेच नंतरची वेळ, या दोन वेगळ्या ठेवा. नंतरच्या वेळेत मन अजून उबदार असते आणि त्या उबेत माणूस स्वतःच्या विचारांनी, स्वतःच्या सवयीने बेत आखू लागतो. ते बेत देवाकडून थेट आलेले नसतात, म्हणून त्यांवर विसंबण्यापूर्वी, ते अमलात आणण्यापूर्वी त्यांची कसून तपासणी करावी लागते. आपणच लिहिले आहे की जाणीव ‘जप संपता संपता’ येते. या शब्दांशी मी थबकलो. आपल्या पहाटा खऱ्या असू शकतात आणि तीन खोल्या तरीही आपल्याच असू शकतात.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली आहे. तीन प्रकारच्या माणसांच्या हाती दहा हजार मोहरा आल्या आहेत आणि तिघांनाही त्यांच्या आसक्तीचा भार वाटतो. पहिला आसक्ती सोडू म्हणतो आणि मरेपर्यंत काहीच करत नाही. दुसऱ्याला आसक्तीही सोडायची आहे आणि मोहराही ठेवायच्या आहेत. म्हणजे आपल्याला जेथे जायचे आहे, तेथे देवानेच यावे, अशी त्याची इच्छा असते. तिसरा मोहरा ठेवायलाही तयार असतो आणि टाकायलाही, आणि त्या अवस्थेत तो विचारतो. तराजूचा काटा मध्यावर असावा, तसे विचारण्याआधी मन असावे, असे फादर सांगत. मी स्वतः बहुतेक वेळा दुसरा माणूस असतो. हे कळल्यापासून मी देवळात प्रसाद घ्यायला जाण्याआधी घरीच बसून स्वतःला विचारतो की डावी पाकळी पडली तर उद्या सकाळी मी नेमके काय करीन. त्याचे शांत उत्तर मिळाले नाही, तर त्या दिवशी नुसता नमस्कार करून येतो. आतापर्यंत चारदा असे झाले आहे.

जेव्हा मन खिन्न असते, तेव्हा आधी ठरवलेले बदलू नये, असाही त्यांचा नियम आहे. म्हणून येथील प्रतिसाद वाचून खट्टू झाल्यामुळे गावी जाण्याचा विचार आजच मोडीत काढू नका, अशीही विनंती करतो.

पाणंद

तीन आठवड्यांनी लिहितो आहे.

वही आणली. संकेत लिहायला सुरुवात करण्याआधी जुन्या डायऱ्या काढून पाहिल्या, कारण जपानंतर काही ओळी खरडायची सवय मला पूर्वीपासून आहे. मागच्या वर्षीच्या डायरीत मला माझ्या हस्ताक्षरात सापडले की दिवाळीपर्यंत बढती होणार हे आतून कळले आहे. बढती झाली नव्हती. ती ओळ मी लिहिली होती, हेही मला आठवत नव्हते. अशा आणखी दोन ओळी मिळाल्या. तिन्ही पाने मी पत्नीला दाखवली. ती काही बोलली नाही, पण त्या रात्री आम्ही प्रथमच कागद-पेन घेऊन बसलो आणि तीन खोल्यांचा खर्च, पावसाळ्यातील चार रिकामे महिने आणि मुलीच्या शिक्षणाचा खर्च मांडला. आकडे जुळत नाहीत. नऊ वर्षांनी कदाचित जुळतील. एका खोलीपुरते कदाचित त्याआधीही.

मांडवीकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे आता जप संपल्यावर दहा मिनिटे मी काहीही ठरवायचे नाही, असे स्वतःला घालून घेतले आहे. पहिल्या आठवड्यात फार जड गेले. त्या दहा मिनिटांत माझे मन किती भराभर खोल्या बांधते, ते मला पूर्वी कधी दिसले नव्हते. जप मात्र उणा झालेला नाही.

इंद्रायणीताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की मी आईला विचारलेले नाही. अकरा वर्षांत देवाला अनेकदा विचारले, गुरवांकरवी तीनदा विचारले, पण आम्ही कायमचे तिच्याकडे येऊन राहावे असे तिला वाटते का, तिच्या मागच्या पडवीत परकी माणसे राहिलेली तिला चालतील का, की तिला आमच्याकडेच यायचे आहे, हे तिला एकदाही विचारले नाही. फोनवर विचारायचे नाही, असे ठरवले आहे. शनिवारच्या गाडीने गावी जातो आहे. देवळात जाईन, पण कौल लावणार नाही.